‘त्यांचं तुटलं’

‘कळलं का? त्यांचं तुटलं.’

हे वाक्य आपण लग्नाच्या पंगतीत ऐकतो, एसटीच्या बाकावर ऐकतो, दवाखान्यात नंबर येईपर्यंत ऐकतो. ऐकणारा ‘कधी?’ विचारतो, ‘अरेरे’ म्हणतो, ‘मला वाटलंच होतं’ म्हणतो. ‘काय तुटलं?’ असं मात्र कुणीच विचारत नाही. मला या दोन शब्दांचं फार अप्रूप आहे. एखाद्या चांगल्या कवितेकडे जावं तसं या वाक्याकडे जावं, इतकं त्यात भरलेलं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे काय तुटलं ते वाक्यात नाही. त्याची जागा आहे, पण ती रिकामी ठेवलेली आहे. ‘त्यांचं’ हे षष्ठीचं रूप. शाळेच्या व्याकरणात षष्ठीचा अर्थ ‘संबंध’ असा शिकवतात. चा-ची-चे हे तिचे प्रत्यय पुढच्या नामाचं लिंग आणि वचन पाहून बदलतात: त्यांचा मुलगा, त्यांची गाडी, त्यांचं घर. इथे प्रत्यय नपुंसकलिंगी होऊन नामाची वाट पाहत उभा आहे आणि नाम येतच नाही. थेट क्रियापद येतं. त्या रिकाम्या जागी काय काय बसू शकतं पाहा. नातं, लग्न, प्रेम, बोलणं, जुळलेलं सूत. सगळे शब्द नपुंसकलिंगी, सगळे तिथे चपखल बसणारे. बोलणाऱ्यानं तुटलेल्या गोष्टीचं नाव घेतलेलंच नाही, आणि संबंध दाखवणारा प्रत्यय मात्र संबंध तुटल्यावरही जागच्या जागी आहे.

मराठीनं ही सोय जुळण्यासाठीही ठेवली आहे. ‘त्यांचं जमलं’, ‘त्यांचं पटतं’, ‘त्यांचं जुळलं’. मग त्याच ओळीत पुढे ‘बिनसलं’, ‘फिसकटलं’, ‘फाटलं’, ‘तुटलं’. दोन माणसांच्या मधे जे काही असतं त्याला नाव देण्याच्या भानगडीत ही भाषा पडत नाही. ते आहे एवढं ती मान्य करते आणि त्याचं काय झालं ते क्रियापदातून सांगते.

दुसरी गोष्ट खुद्द क्रियापदाची. ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’ अशी जोडी आपल्याकडे आहे. फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, फाटणे-फाडणे हीसुद्धा तशीच. ‘उ’ असेल तिथे त्याचा ‘ओ’ झाला, ‘ट’चा ‘ड’ झाला की वाक्यात एक माणूस येऊन उभा राहतो आणि त्याच्या हातून काहीतरी घडलेलं असतं. ‘तुटलं’ म्हटलं तर कुणाचाच हात नाही. दोरी जुनी झाली, ताण आला, तुटली. ‘तोडलं’ म्हटलं की ताबडतोब प्रश्न येतो, कुणी? एवढ्याशा ध्वनिबदलात मराठी माणूस दोष कुणाच्या पदरात घालायचा आणि घालायचा की नाही, हे ठरवतो. भाऊबंदकीच्या गोष्टी सांगणारी म्हातारी माणसं या बाबतीत विलक्षण जपून बोलतात. ‘आमचं आणि थोरल्यांचं तुटलं’ म्हणतील. ‘थोरल्यांनी तोडलं’ असं निघालंच तर ते चारचौघांत निघत नाही. दोष माहीत असूनही तो न उच्चारता गोष्ट सांगायची, ही सभ्यता त्यांना या अकर्मक क्रियापदानं दिली आहे.

पण तीच सभ्यता कधी कधी अन्यायही करते. घर सोडून आलेल्या मुलीबद्दल आई शेजारणीला सांगते, ‘तिचं तुटलं हो.’ मुलगी आतून येऊन म्हणते, ‘तुटलं नाही, मी तोडलं.’ या दोन वाक्यांत मला एका पिढीचं अंतर दिसतं. आईचा ‘तुटलं’ हा लेकीवर पांघरूण घालणारा शब्द आहे, त्यात माया आहे. पण त्या पांघरुणाखाली मुलीचा निर्णयही झाकला जातो. स्वतःच्या आयुष्याचं वाक्य आपण कर्ता होऊन बोलावं, एवढीच तिची मागणी असते.

कर्त्याचा प्रश्न सर्वांत बोचरा होतो तो ‘टाकणे’ या क्रियापदापाशी. ‘नवऱ्यानं टाकली.’ ‘ती टाकलेली आहे.’ धातुसाधित विशेषण लावलं की टाकणारा वाक्यातून निघून जातो आणि टाकलेपण बाईच्या नावाला चिकटून राहतं, गावभर, जन्मभर. ‘टाकलेला’ पुरुष आपल्या बोलण्यात नाही. संस्कृतातून आणलेला ‘परित्यक्ता’ हा शब्द जरा सोज्वळ वाटतो, पण व्याकरण तेच. १९८०च्या दशकात संगमनेरात या स्त्रियांच्या प्रश्नावर चळवळ उभी राहिली तेव्हा हाच शब्द हातात घेऊन स्त्रिया एकत्र आल्या. पोटगी, रेशनकार्ड, घरातला वाटा या मागण्या त्या शब्दाला जोडल्या गेल्या आणि दयेचा शब्द हक्काचा झाला. शब्द बदलला नाही. बोलणारं माणूस बदललं. अर्थ कसा पालटतो याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

त्याच्या उलट बाजूला ‘नांदणे’ आहे. सुख नांदतं, शांतता नांदते आणि सून नांदते. एवढा भरल्या घरासारखा शब्द, आणि तरी ‘नांदायला पाठवा’ हे किती घरांत धमकीचं वाक्य झालं असेल! रखमाबाईंच्या खटल्याचा गाभा हाच होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीनं मोठं झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायला नकार दिला. १८८५ साली मुंबईच्या न्यायालयात निकाल तिच्या बाजूनं लागला, अपिलात फिरला, आणि १८८७ साली नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. ती तुरुंगात जायला तयार होती. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं, आणि पुढे ती विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन परतली. लग्न संपवण्याची कायदेशीर वाटच तिच्यापुढे नव्हती. तिच्याजवळ होतं ते एक क्रियापद आणि त्याच्या मागे लावलेला नकार: नांदणार नाही.

‘तोडणे’ मात्र सगळीकडे भांडणाचं नसतं. बीड, अहिल्यानगरकडची हजारो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. ‘आई-बाप तोडीला गेलेत’ असं गावात आजी-आजोबांजवळ राहिलेलं पोर सांगतं, तेव्हा ‘तोड’ म्हणजे फक्त काम असतं. त्या कामाच्या भाषेत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात आणि एकट्या माणसाला ‘अर्धा कोयता’. लग्नाची अशी मोजणी कुठल्याही कायद्यात नाही.

आता या शब्दांच्या जन्मस्थानाकडे वळतो, कारण खरी रुची तिथे आहे. दुरावण्याचे आपले बहुतेक शब्द कुणाच्या ना कुणाच्या हातातून आले आहेत. शिवणाऱ्याच्या हातातून ‘उसवणे’ आला. शिवण उसवते तेव्हा कापडाला काहीही झालेलं नसतं; फक्त धागा निघालेला असतो. म्हणून ज्या नात्याला ‘उसवलं’ म्हणतात ते पुन्हा शिवता येतं, दोन्ही कडा शाबूत असतात. ‘फाटलं’ म्हटलं की कापडच गेलं. आता ठिगळ लावायचं, आणि ठिगळ दिसणारच. ‘विरलं’ हा त्याहून वाईट शब्द. विरलेल्या कापडात सुई टोचायलासुद्धा जागा उरत नाही, ते अंगावर असतानाच संपत जातं. तीस-तीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या काही जोडप्यांच्या बाबतीत हाच शब्द खरा असतो, आणि त्याची बातमी कधीच होत नाही. ‘तुटलं’ असेल तर गाठ मारता येते. गाठ बोटाला लागते, पण दोर चालतो. सुताराकडून ‘निखळणे’ आला: भाग मोडलेला नसतो, आपल्या खाचेतून निघालेला असतो. कुंभाराच्या भांड्यापासून ‘तडा’, ‘टवका’, ‘फुटणे’. मडकं फुटलं की फुटलं.

म्हणजे हे सगळे शब्द नुसतं काय झालं ते सांगत नाहीत. पुन्हा जोडता येईल का, जोडलं तर कसं दिसेल, हेही ते आतच सांगून ठेवतात. माझ्या लेखी मराठीतल्या या शब्दांचं मोठेपण इथे आहे. दूर जाण्याची नोंद करतानाच ते परतीच्या वाटेचीही नोंद करतात. वाट असेल तर किती रुंद, नसेल तर नाही म्हणून. ‘दुरावणे’ घ्या. त्यात तुटलेलं काहीच नाही, फक्त ‘दूर’ आहे, आणि दूर गेलेलं माणूस जवळ येऊ शकतं. ‘मुकणे’ घ्या, ‘आईला मुकला’. तिथे वाट बंद.

लग्न संपण्याचे शब्द या दृष्टीनं वाचले की फार काही हाती लागतं. ‘काडीमोड’ म्हणजे खरोखर काडी मोडणं. ज्या समाजांत ही रीत होती तिथे पंचांसमोर गवताची काडी मोडली जाई आणि दोघं मोकळे होत. लग्नासाठी अग्नी, होम, पंगत, वाजंत्री आणि ते संपवायला एक वाळकी काडी! या साधेपणात मला मोठा शहाणपणा वाटतो. आणि ही रीत इतिहासजमाही झालेली नाही. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२)नं रूढीनं मिळणारा विवाहविच्छेद कायम ठेवला आहे. रूढी सिद्ध करावी लागते, एवढंच.

‘फारकत’ हा मूळचा हिशेबाचा शब्द. जुन्या कागदपत्रांत तो ‘फारखत’ म्हणून भेटतो: आता एकमेकांचं काही देणं-घेणं उरलं नाही, अशी लेखी कबुली. भागीदारांत ती होई, सावकार-कुळांत होई. माणसांचं नातं संपताना हा शब्द वापरतात तेव्हा त्यातला तो कागदी कोरडेपणा मला कधी कधी दिलाशाचा वाटतो. कुणी कुणाचं देणं लागत नाही. ‘सोडचिठ्ठी’ही कागदाचीच, पण तिच्यात देणारा आणि घेणारा असा भेद आहे, ती एकानं दुसऱ्याच्या हातात ठेवायची असते. आज हा शब्द बातम्यांत पक्षांतरासाठी इतका झिजला आहे की घरातल्या माणसासाठी वापरताना तो उसना वाटतो.

आणि ‘घटस्फोट’. आज अर्जावर, न्यायालयात, वधू-वर मंडळाच्या फॉर्मवर हाच शब्द. पण घट म्हणजे घडा, स्फोट म्हणजे फुटणं, आणि हा घडा लग्नाचा नव्हता. धर्मशास्त्रात जातीबाहेर टाकलेल्या माणसासाठी एक विधी होता. त्याचे सगेसोयरे तो मेला असं समजून गावाबाहेर त्याला पाणी देत, आणि दासी पाण्यानं भरलेला घडा पायानं उलथून टाकी. तिथून पुढे त्याच्याशी बोलणं, बसणं, वारसा, सगळं बंद. जिवंतपणीचं मरण ते. मसणात मडकं फोडण्याची आपली चाल डोळ्यांसमोर आणली की त्या विधीची भाषा लगेच कळते. पण मनुस्मृतीतच पुढचा भागही आहे. त्या माणसानं प्रायश्चित्त घेतलं की त्याच सग्यासोयऱ्यांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करायचं, आणि पाण्यानं भरलेला नवा घडा पाण्यात सोडायचा. म्हणजे जुना घडा फुटला तरी कुंभाराकडून नवा आणायची सोय शास्त्रानं ठेवली होती. ज्या समाजानं ही सोय स्वतःसाठी लिहून ठेवली, त्यानं टाकलेल्या बायकांसाठी नवा घडा किती वेळा आणला, हा प्रश्न मनातून जात नाही.

‘वाळीत टाकणे’ हे त्या घडा उलथण्याचंच गावाकडचं रूप. जुन्या मराठीत ‘वाळणे’ म्हणजे वगळणे असं क्रियापद होतं. आज ते याच एका वाक्प्रचारात उरलं आहे, आणि उरायला नको होतं. पाणवठा बंद, दुकान बंद, रोटी बंद, बेटी बंद. जातपंचायतींच्या आणि गावकीच्या अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं केलेला कायदा २०१७ साली अमलात आला. एखादा शब्द वापरातून जावा म्हणून कायदा करावा लागणं ही काही साधी गोष्ट नाही.

घरात भांडण होतं तेव्हा मराठी माणूस ‘घर वेगळं झालं’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो ‘चूल वेगळी झाली’. छप्पर एक, अंगण एक, देवघरसुद्धा एक असू शकतं. पण धूर दोन ठिकाणांहून निघाला की कुटुंबं दोन. ‘ते वेगळे निघाले’ यातला ‘निघाले’ही पाहण्यासारखा आहे, जणू लांबच्या प्रवासाला निघाले, आणि गेलेले असतात मधल्या भिंतीच्या पलीकडे. पुढे कागद येतात. महसुलाची भाषा रुक्ष असते असं म्हणणाऱ्यानं तलाठ्याच्या दप्तरातले हे शब्द एकदा मोठ्यानं वाचावेत: वाटणी, खातेफोड, आकारफोड, फाळणी बारा, पोटहिस्सा. ‘पोटहिस्सा’ या शब्दावर माझा विशेष जीव आहे. एका गटाचे तुकडे झाले तर त्या तुकड्यांना स्वतंत्र, उपरे नाव दिलं नाही. मूळ क्रमांकाच्या पोटातले हिस्से म्हटलं. वेगळं झालेलंही अजून कुणाच्या तरी पोटातलं आहे, हे सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं.

याच दप्तरात फाळणीच्या नोंदी होत्या, जमिनीच्या एका तुकड्याचे दोन कसे झाले ते दाखवणाऱ्या. १९४७ साली देश तुटला तेव्हा मराठीनं त्या घटनेला नाव देण्यासाठी नवा शब्द घडवला नाही. मोजणीदाराचा शब्द उचलला आणि त्यात लाखो माणसांचं उखडणं भरलं. त्याच १९४७ साली मुंबई प्रांतात जमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून तुकडेबंदीचा कायदा झाला, आणि त्याच साली हिंदूंना घटस्फोट मिळवून देणारा प्रांताचा कायदाही झाला. काय तुटू द्यायचं आणि काय तुटू द्यायचं नाही, याचा विचार एकाच वर्षात घरापासून देशापर्यंत चालला होता.

‘सोडणे’ या क्रियापदाइतकं दुधारी क्रियापद मराठीत दुसरं नसेल. ‘त्यानं बायकोला सोडलं’ आणि ‘त्यानं बायकोला स्टेशनवर सोडलं’ या दोन वाक्यांत एका ठिकाणाचा फरक आहे आणि अर्थ टोकाचे दूर गेले आहेत. सोडणं म्हणजे त्यागणं, आणि सोडणं म्हणजे सुखरूप पोचवणं. मुलाला शाळेत सोडतात, पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायला जातात. दोन्हींत हात हातातून निघतो, हे खरं. पण हात कुठे सुटला, कुणाच्या ताब्यात देऊन सुटला, यावर सगळं अवलंबून. ‘तुला सोडून मला कोण आहे?’ असं म्हणणारा माणूस त्याच क्रियापदानं घट्ट धरतो. आणि ‘पाणी सोडणे’: हक्कावर, वाट्यावर, आशेवर. दान देताना हातावरून उदक सोडतात, तिथून हा शब्द आला. आपलं नाही म्हणून सोडलेली गोष्ट आणि दान म्हणून सोडलेली गोष्ट एकाच ओंजळीतून जाते.

त्याचा जोडीदार ‘सुटणे’. शाळा सुटते, वारा सुटतो, कोडं सुटतं, गाडी सुटते, आणि ‘माझी गाडी सुटली’ म्हटलं की गाडी गेली आणि मी राहिलो असे दोन्ही अर्थ एकदम येतात. फार दिवस अंथरुणाला खिळलेलं माणूस गेलं की ‘सुटली बिचारी’ म्हणतात. आणि जुन्या बायका बाळंतीण मोकळी झाली की तिलाही ‘सुटली’च म्हणत. येण्याच्या दारात आणि जाण्याच्या दारात एकच शब्द उभा, एवढंच सांगतो आणि पुढे जातो, कारण यावर थांबलो तर थांबावंच लागेल.

‘निरोप’ मात्र टाळता येत नाही. निरोप म्हणजे रजा, आणि निरोप म्हणजे सांगावा. निघणारा निरोप घेतो, राहणारा निरोप देतो. आणि तोच निघणारा पुढच्या गावी कुणाला तरी कुणाचा निरोप सांगतो. जाणाऱ्याच्या हातात काहीतरी सांगणं दिल्याशिवाय मराठी माणूस त्याला जाऊ देत नाही, असा माझा या शब्दाचा अर्थ. उंबऱ्यावर ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे प्रत्येक घरानं शिकवलेलं असतं. तीच रीत वस्तूंची. बांगडी फुटली म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. मंगळसूत्र तुटत नाही, ‘वाढतं’. नारळ वाढवतात, दुकान वाढवतात. मोडण्याच्या क्षणी तोंडून वाढीचा शब्द काढायचा हा नेम मला भाबडा वाटत नाही. उच्चारानं घडणाऱ्या गोष्टींवर ज्यांचा विश्वास होता त्या लोकांनी फार विचारानं घालून दिलेला तो नेम आहे.

पण या सगळ्या शब्दसंग्रहात मला सर्वांत खोल नेणारे तीन शब्द आहेत, आणि तिघंही उलटे चालतात. पहिला, ‘जीव तुटणे’. लेकीसाठी जीव तुटतो, परदेशी गेलेल्या पोरासाठी तुटतो. तुटण्याचा शब्द आणि अर्थ मात्र बांधलेपणाचा. जिथे धागा सर्वांत पक्का आहे तिथेच जीव तुटतो. ज्याच्याशी संबंध संपला त्याच्यासाठी कुणाचा जीव तुटत नाही. दुसरा, ‘ओढ’. ओढ म्हणजे भेटीची तळमळ. आणि पाऊस लांबला की शेतकरी म्हणतो ‘पावसानं ओढ दिली’. जो येत नाही त्यानं दिलेली ती ओढ. तळमळणारा आणि तळमळायला लावणारा, दोघांच्या हातात एकाच दोराची दोन टोकं आहेत, हे दोन्ही प्रयोग शेजारी ठेवल्यावर कळतं. तिसरा, ‘अंतर’. अंतर म्हणजे मधली मोकळी जागा, मैलांत मोजायची. आणि अंतर म्हणजे मनाचा आतला भाग. ‘अंतर देऊ नका’ म्हणजे दूर लोटू नका. ‘अंतरात ठेवा’ म्हणजे सर्वांत जवळ ठेवा. ‘पोराला अंतरली’ म्हणजे ते कायमचं गेलं. ज्ञानेश्वरांच्या विराण्यांपासून विरहाची जी मोठी वाट मराठी कवितेत चालत आली, ती याच तिसऱ्या शब्दाच्या दोन अर्थांमधून जाते असं मला वाटतं: जो दूर आहे तोच आत आहे.

व्याकरणकारांनाही हे ठाऊक होतं. ‘विभक्ती’ या शब्दाचा धात्वर्थ वेगळं करणं, वाटणं असा आहे. आणि वाक्यात विभक्ती काम करते ती शब्दांना एकमेकांशी जोडण्याचं. तिच्यातली पाचवी, म्हणजे अपादान, खास ताटातुटीची. पाणिनीनं तिची व्याख्या करताना जाणाऱ्याकडे पाहिलंच नाही. एकमेकांपासून दूर होताना जे स्थिर राहतं ते अपादान, असं तो म्हणतो. झाडावरून पान पडतं. पंचमी लागते ती झाडाला. मग परंपरेनं प्रश्न विचारला, धावत्या घोड्यावरून माणूस पडला तर? घोडा कुठे स्थिर आहे? उत्तर असं की पडणाऱ्याच्या हिशेबानं घोडाच ध्रुव. निघाला तो जिथून निघाला, ते स्थान त्या क्षणापुरतं स्थिर धरायचं. गाव सोडून मुंबईला आलेल्या चाकरमान्यांच्या तोंडी ‘गावाहून’ हा शब्द येतो तेव्हा मला ही व्याख्या आठवते. गावही तोवर पुष्कळ बदललेलं असतं, धावत असतं. पण त्या ‘हून’पुरतं ते जागचं हललेलं नसतं. आणि मराठीत हाच ‘हून’ तुलनेलाही लागतो: ‘गावाहून मोठं’, ‘आईहून प्रेमळ’. जिथून निघालो त्याच्याशीच पुढचं सगळं मोजायचं, हे एका प्रत्ययात आलं.

या शब्दांच्या शेजारी २०२०च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीबरोबर आलेला ‘विलगीकरण’ ठेवून पाहिला की काय कमी पडतं ते दिसतं. शब्द बरोबर आहे, अर्थ चोख आहे, त्या काळी तो गरजेचाही होता. गृह विलगीकरण, संस्थात्मक विलगीकरण, हातावर शिक्का. पण त्यात कुणापासून, कुणी, किती दिवस, हे काही नाही; परतीची वाट नाही. लोकांनी तो कागदावर ठेवला आणि बोलताना ‘कोरंटाईन केलंय’ म्हटलं, नाहीतर ‘त्यांना लांब ठेवलंय’ म्हटलं. ‘लांब ठेवलंय’ यात निदान ठेवणारी माणसं आहेत.

तरुण मुलं ‘ब्रेकअप झालं’ म्हणतात, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ‘झालं’ हे क्रियापद ‘तुटलं’च्याच घराण्यातलं, दोष न देणारं. ‘माझं ब्रेकअप झालं’ या वाक्यात ‘माझं’ आलं आहे आणि ‘आमचं’ गेलं आहे, एवढं मात्र मला खटकतं. तुटण्यातलीही भागीदारी सोडून देऊन माणूस आपल्या वाटणीचं दुःख घेऊन वेगळा निघतो.

एक जागा मात्र मराठीत मोकळीच राहिली आहे. लहान मुलांना मैत्री तोडायला ‘गट्टी फू’ आहे, लग्न मोडायला चार शब्द आहेत, भावाभावांना वाटणीपत्र आहे. मोठ्या माणसांची मैत्री संपते तेव्हा आपण काय म्हणतो? ‘अबोला’ म्हणावा तर भांडण झालेलं नसतं. ‘दुरावा’ म्हणावा तर तो कुणी मान्य केलेला नसतो. मग माणसं एक वाक्य बोलतात, ज्यात तुटण्याचा एकही शब्द नसतो: ‘आमचं फार येणं-जाणं होतं.’ ऐकणारा त्या ‘होतं’वरून सगळं समजतो आणि विषय बदलतो. मला वाटतं, त्यानं विषय बदलू नये. ‘शेवटचं कधी गेला होतास?’ असं विचारावं.